जांभळ्या जिभेची बाई

शिवकन्याअक्का गेल्या तेव्हा धारूरच्या चौकात त्यांचा फ्लेक्स लागला. लागला म्हणजे भावानं लावला. वर गुलाबाच्या पाकळ्या, खाली पेटलेल्या समया, आणि मधे अक्कांचा पासपोर्टचा फोटो असा ताणलेला की हनुवटी थेट कानापर्यंत गेलेली. 'सेवानिवृत्त कलाशिक्षिका शिवकन्याअक्का लिंगैक्य झाल्या' एवढा मजकूर. कडेनं श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे गोल गोल फोटो, एकेक अक्कांपेक्षा तजेलदार. मी तिथं उभी राहून नुसती धुमसत होते. हा फ्लेक्स बघून अक्का उठूनच बसल्या असत्या. तशा त्या बसलेल्याच आहेत म्हणा, लिंगायतांत बसवूनच माती देतात.

त्या फ्लेक्सवर जे नव्हतं ते सांगायला मी बसले आहे. अक्कांनी वाईनच्या बाटलीचं लेबल काढलं होतं, त्यावर आपलं नाव घातलं होतं, आणि त्या नावापायी राहतं घर सोडलं होतं. गावाला सगळं माहीत आहे आणि गाव गप्प आहे. मी काही गप्प बसणाऱ्यांतली नाही, हे माझ्या सासूनंसुद्धा मान्य केलेलं आहे.

आम्ही एकाच शाळेत. मी गणिताची, त्या चित्रकलेच्या. मी लग्न होऊन पाटोद्याहून आलेली, म्हणून त्या मला शेवटपर्यंत 'पाटोदेवाली' म्हणाल्या. माझं नाव त्यांना माहीत असावं, पण मी कधी ऐकलं नाही. उंच, काटक बाई. कपाळाला विभूती, गळ्यात इष्टलिंग, अंगावर कडक खळीचं सुती पातळ. सकाळची लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायच्या नाहीत. लग्न केलेलं नव्हतं. कावून केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "पत्रिकेवरचा गणपती बघितला आन् मन उडालं." खरं काय ते त्यांनाच ठाऊक.

त्यांच्याबरोबर बाजारात जायचं म्हणजे शिक्षा होती. मी आपली किंमत बघणार, वजन बघणार. अक्का वस्तूचं तोंड बघणार. चांगल्यातला चांगला चहा त्या खाली ठेवून द्यायच्या. "ह्याचा डबा बघ. असल्या तोंडाचा चहा सकाळी सकाळी कुनी प्यावा?" आणि एकदा उंदराच्या औषधाचा डबा घेतला. मी म्हणाले, "अक्का, तुमच्या घरी उंदीर झालेत का?"

"न्हाई बाई. पन शेपूट कसं वळवलंय बघ. कोन चितारी असंल त्याचा हात चुंबावा."

तो डबा त्यांच्या खोलीत खिडकीत कित्येक वर्षं होता. त्यातलं औषध फेकून त्यात ब्रश ठेवले होते.

वर्गातही हाच प्रकार. पोरांना फुलं-फळं काढायला लावणं हा चित्रकलेच्या तासाचा धर्म आहे. अक्का पोरांना घरातली वेष्टनं आणायला सांगायच्या: काडेपेट्या, उदबत्तीचे पुडे, गोळ्यांचे चुरगळलेले कागद. ते सगळं भिंतीवर चिकटवलेलं. एक पालक तणतणत आले, आमचं पोरगं उकिरडा उपसायलंय म्हणाले. अक्का त्यांना भिंतीपुढं घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "ह्यातलं कंचं तुमच्या डोळ्याला आधी भिडलं ते सांगा, मग भांडू." ते गृहस्थ बराच वेळ बघत राहिले, आणि भांडायचं विसरून एका साबणाच्या कागदाबद्दल बोलायला लागले. लहानपणी आजोळी तोच साबण होता म्हणे.

"जीभ मागून येती," अक्का म्हणायच्या. "आधी डोळा जेवतो."

भीड हा शब्द त्यांच्या कोशात नव्हता. एका साली स्नेहसंमेलनाचा फ्लेक्स त्यांच्याकडं आला. आमच्या जिल्ह्यात फ्लेक्स म्हणजे काय ते सांगायला नको. वाढदिवस कुणाचा का असेना, वर साहेब, मधे दादा, खाली भाऊ, आणि ज्याचा वाढदिवस तो कोपऱ्यात. अक्कांनी एकही फोटो घातला नाही. नुसता पायात घुंगरू बांधणाऱ्या एका पोरीचा हात काढला. संस्थेचे अध्यक्ष आले, फ्लेक्सकडं बघितलं, पुन्हा बघितलं.

"बाई, आमचा फोटो कुठाय?"

"टाकनार होते," अक्का म्हणाल्या, "पन लहान लेकरं येनार हायेत. भेली तर?"

स्टाफरूममध्ये सगळ्यांनी माना खाली घालून वह्या तपासायला घेतल्या. मी खोकल्याचं निमित्त करून बाहेर पळाले. त्या वर्षी अक्कांची वेतनवाढ अडकली, आणि त्यांनी ती कधी मागितली नाही. पण तो फ्लेक्स उतरवला नाही हे खरं.

आता भावाचं सांगते. मन्मथशेठ अक्कांपेक्षा धाकटे. बाजारपेठेत बापाच्या वेळेपासूनचं किराणा दुकान, वर घर, आणि घराच्या वरच्या अंगाला अक्कांची खोली. माणूस वाईट नव्हे. देवस्थानाच्या कमिटीवर, तोंडात साखर, उधारीवाल्यालाही 'या मालक' म्हणणारा. बहिणीवर जीव होता. पण बहिणीचं काही आपलं म्हणून वापरताना विचारायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

त्यांनी घरचा येसूर पाकिटातून विकायला काढला. येसूर म्हणजे आमच्याकडं आमटीला लावायचा भाजणीचा मसाला. तो नसेल तर आमटी म्हणजे गरम पाणी. पाकीट अक्कांनी केलं. विटकरी रंगाचा कागद, त्यावर जात्याच्या खुंट्यावर आवळलेली बाईची मूठ, मनगटात हिरव्या बांगड्या. बस्स. लातूर-अंबाजोगाईच्या दुकानांतून मागणी आली. लोक म्हणायचे, तो बांगड्यांचा येसूर द्या. पुढच्या छपाईला शेठनी काय करावं? त्या मुठीच्या बाजूला फेट्यातला स्वतःचा हसरा फोटो टाकला.

अक्कांनी ते पाकीट मला आणून दाखवलं. मीच म्हणाले, "अहो, तुमचं नाव तरी टाकायचं बारीक अक्षरात."

"बाईचं नाव मसाल्याच्या पुड्यावर कावून, म्हनतो. लोक हातात घेतील, पायाखाली येईल."

"आणि त्यांचा फोटो पायाखाली आलेला चालतो?"

अक्का एवढ्या मोठ्यानं हसल्या की शिपाई डोकावून गेला. पण हसून झाल्यावर त्यांनी फोटोवर अंगठा ठेवून नुसती मूठ बघितली, बराच वेळ. मला वाईट वाटलं आणि रागही आला.

अक्का निवृत्त झाल्यावर त्यांचा जुना विद्यार्थी वैजनाथ त्यांच्याकडं आला. चाळिशीचा बाप्या, दोन लेकरांचा बाप, पण अक्कांपुढं हाताची घडी घालून उभा. त्यानं घाटाखाली जांभळाची वाईन करायचा छोटा कारखाना टाकला होता. बालाघाटाच्या डोंगरांतली जांभळं सडून जायची, नाहीतर पोरांच्या सदऱ्याला लागायची. त्यानं ती विकत घ्यायला सुरुवात केली. वाईन झाली, बाटल्या आल्या. राहिलं होतं ते लेबल.

"अक्का, तुमीच काढा. पन... दारू हाय ती. तुमाला चालंल का?"

अक्कांनी विचारलं, "प्यायची सक्ती हाय का?"

"न्हाई."

"मग बैलाचं चित्र काढायला आपल्याला औताला जुपून घ्यावं लागतं का? ठेव बाटली."

आणि बाई लागल्या कामाला. माझ्या उभ्या आयुष्यात मी कुणाला असं काम करताना बघितलं नाही. आधी बाटली घेऊन नुसत्या बसायच्या. उन्हात धर, सावलीत धर. पाणी भर, रिकामी कर. "बाटलीला खांदे असत्यात, पाटोदेवाली. कागद कुठं बसवायचा हे तिचे खांदे बघून ठरवायचं. पोलक्याचं मापच हाय हे." मग एक दिवस टोपलीभर जांभळं आणवली, मला बोलावलं आणि म्हणाल्या, खा. दोघींनी खाल्ली. मग आरशापुढं उभ्या राहिल्या आणि जीभ बाहेर काढली. शेठची बायको चहा घेऊन वर आली तर दोन म्हाताऱ्या बाया आरशाला जीभ दाखवतायत! "माय गं, काय झालं वन्सं?" अक्कांना जीभ आत घेऊन उत्तर द्यायला सवड नव्हती.

ते लेबल असं होतं: ज्वारीच्या भाकरीच्या रंगाचा खरबरीत कागद. त्यावर काळ्या रेघांत एक बाई, डोक्यावर पदर, डोळे बारीक केलेले, आणि सगळ्या जगाला जीभ काढून दाखवलेली. अख्ख्या लेबलवर रंग तेवढा एकच, जिभेचा. जांभळा. खाली अक्कांच्या ठसठशीत अक्षरात 'धारूर घाटाचं जांभूळ'. सरकारी इशाराही त्यांनी असा देखणा लिहिला की वैजनाथ म्हणाला, अक्का, हे वाचून लोक प्यायचं सोडतील. "सोडू दे की. लिहायचंच हाय तर वाचावं वाटंल असं लिहावं," त्या म्हणाल्या. आणि उजव्या कोपऱ्यात पदराच्या काठाला लागून, स्पष्ट: शिवकन्या.

"या खेपेला नाव टाकनार," त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं. वैजनाथ म्हणाला, माझं भाग्य.

छपाईची गंमत वेगळीच. अंबाजोगाईच्या प्रेसवाल्याला तो रंग साधेना. कधी वांगं यायचं, कधी शाईच्या दौतीसारखं निळं. अक्का एसटीनं वाटीभर जांभळं घेऊन गेल्या आणि मशीनच्या शेजारी ठेवली. "हे. असं." प्रेसवाल्यानं अर्धी वाटी खाल्ली, स्वतःच्या जिभेशी ताडून बघितलं, आणि त्या दिवशी रंग बसला.

मग पुण्याचा एक व्यापारी आला. सगळा माल उचलायला तयार. कपडे असे कडक इस्त्रीचे की खुर्चीत बसताना आवाज यावा. त्यानं बाटली फिरवून बघितली आणि हसून म्हणाला, "छान आहे, पण हे चालणार नाही. वाईन घेणारा माणूस एक स्वप्न विकत घेतो. परदेशी बंगला टाका, पुढं द्राक्षाचे मळे, सोनेरी इंग्रजी अक्षरं. ही जीभ काढणारी बाई कोण विकत घेणार? आणि धारूर कुठं आहे हे कुणाला माहितीय?"

अक्का म्हणाल्या, "त्या बंगल्याच्या अंगनात जांभळाचं झाड हाय का?"

"बाई, बंगला खरा थोडाच आहे?"

"मग खोट्या घराचा पत्ता खऱ्या मालावर कावून लावायचा?"

वैजनाथचं तोंड उतरलं होतं. त्याचं कर्जपाणी, त्याचा संसार. तो हळूच म्हणाला, "अक्का, नुसता एक बंगला काढून दिला तर?" अक्का त्याला रागावल्या नाहीत. "काढते की. माल तुझा हाय बाळा, तू म्हनशील ते काढते. पन मग बाई पुसून टाक, धारूर पुसून टाक आन् माझं नावबी पुस. बंगला माझा न्हाई." मग वैजनाथनं व्यापाऱ्याला चहा पाजला आणि गाडीपर्यंत सोडून आला. परत येऊन म्हणाला, "जाऊ द्या अक्का. मलाबी त्या बंगल्यात करमलं नसतं." मी त्या दिवशी वैजनाथच्या पाठीवर थाप मारली. गणितात कायम काठावर पास होणारा पोरगा!

व्यापारी परका होता, त्याला परतवणं सोपं. घरच्याला कसं परतवायचं?

पहिली बाटली शेठच्या हाती कशी लागली माहीत नाही. पण एका दुपारी मी अक्कांकडं बसले होते आणि शेठ धाडधाड जिना चढून आले. हातात बाटली, ती पण टॉवेलात गुंडाळलेली. टॉवेल सोडला, बाटली टेबलावर ठेवली आणि कोपऱ्यातल्या नावावर बोट ठेवलं.

"हे काय अक्का?"

"माझं नाव."

"दारूच्या बाटलीवर? आपल्या घरात कुनी त्या दुकानाच्या बाजूनं चाललं न्हाई. गळ्यात लिंग हाय तुझ्या! माझ्या पोरीचं लगीन औशाला जमत आलंय. उद्या तिकडची मानसं इचारतील, पोरीची आत्या काय करती? काय सांगू?"

"चित्रं काढती म्हनून सांग."

"थट्टा करू नको गं." माणूस खरंच घाबरला होता, ते दिसत होतं. "चित्र राहू दे. जीभबी राहू दे. नुसतं नाव काढ. कुनाला कळनार न्हाई."

"येसूरावर नव्हतंच नाव. कुनाला कळलं?"

शेठ खाली बघत म्हणाले, "मग ह्या घरात ऱ्हाता येनार न्हाई तुला. आठ दिसांत काय ते ठरव. मी बोललो, आता मला मागं फिरता येत न्हाई." आणि बाटली पुन्हा टॉवेलात गुंडाळून घेऊन गेले.

घर शेठच्या नावावर होतं. अक्कांचा जन्म त्याच घरातला, बाळंतिणीच्या खोलीतला. पेन्शन होती, उपाशी मरणार नव्हत्या. पण साठी उलटलेल्या बाईला आपला जिना, आपली खिडकी सोडून जायचं म्हणजे काय, हे मी सांगायला नको. वैजनाथ पळत आला. म्हणाला, अक्का, मी पुढची लेबलं नावाशिवाय छापतो, तुमचं घर मोडाय नको. मीसुद्धा म्हणाले, "अक्का, विचार करा." त्या नुसतं "हूं" म्हणाल्या. ते आठ दिवस त्या काहीच बोलल्या नाहीत, आणि अक्का बोलत नाहीत म्हणजे मला घास गोड लागेना.

मग एका बाजाराच्या दिवशी माझ्या दारात आल्या. कडक पातळ, ताजी विभूती. "चल. वाईन शॉपात माल आलाय म्हनं. बघून येऊ."

"आपण? आत?"

"न्हाईतर काय, बाहेरून आवाज द्यायचा?"

भर दुपारी दोन निवृत्तीच्या वयाच्या मास्तरणी वाईन शॉपात शिरल्या. काउंटरवरची माणसं अशी पांगली की जणू धाड पडली. एकजण सदऱ्यात काहीतरी कोंबत म्हणाला, "नमस्ते बाई!" आमचाच विद्यार्थी. "नमस्ते, सावकाश जा," अक्का म्हणाल्या. मालकानं त्यांची बाटली सगळ्यात खालच्या फळीवर पाठमोरी ठेवली होती. अक्कांनी ती काढायला लावली, बाकीच्याही बाटल्या तोंड पुढं करून मांडायला लावल्या, आणि एक विकत घेतली. मालकानं सवयीनं रद्दी पेपर काढला, बाटली गुंडाळली, वरून काळी पिशवी. आमच्याकडं ती तशीच देतात. मागावं लागत नाही. बाटली घेणाऱ्याची आणि गावाची, दोघांची अब्रू त्या काळ्या पिशवीत राहते.

अक्कांनी पिशवी परत केली. पेपर सोडवला, घडी घालून काउंटरवर ठेवला.

"बाई, बाजार हाय आज," मालक कळवळून म्हणाला. "शेठचं दुकान वाटंवरच हाय."

"म्हनून तर आजच आले."

आणि निघाल्या. बाटली छातीशी धरलेली, लेबल बाहेर. बाजार भरात होता. भाजीवाल्या बघतायत, टपरीवरची टोळकी बघतायत, ओळखीची माणसं नमस्काराला हात उचलून अर्ध्यावर थांबतायत. एक भाजीवाली म्हातारी लेबलाकडं बघून खुदकन हसली आणि शेजारणीला कोपरानं ढोसलं. अक्कांची चाल नेहमीची, शाळेत तासाला जायच्या तीच. मी एक पाऊल मागं. पण मान खाली घातली नाही.

शेठ गल्ल्यावर बसले होते. समोर गिऱ्हाईक. त्यांनी बघितलं. गिऱ्हाईकानंही बघितलं. शेठ उठले, पायात चपला न घालता रस्त्यावर आले आणि खांद्यावरचं उपरणं काढून पुढं केलं.

"झाक गं अक्का," ते हळू म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "हात जोडतो. नुसतं झाकून वर ने. मी काईच बोलनार न्हाई, जलमभर बोलनार न्हाई."

दुकानाच्या बाजूलाच घराचा जिना होता. दार उघडं होतं. अक्कांनी उपरण्याकडं बघितलं, जिन्याकडं बघितलं. मला वाटलं, जातील. गेल्या असत्या तरी मी त्यांना नाव ठेवलं नसतं. त्यांनी डावा हात पुढं केला आणि शेठच्या गालावरून फिरवला, लहान पोराच्या फिरवावा तसा.

"उभा जलम झाकूनच ऱ्हायले, मन्मथ," त्या म्हणाल्या. "आता न्हाई."

आणि जिन्याच्या दारावरून पुढं निघाल्या. बाटलीवरचं बोट त्यांनी थोडं सरकवलं, नावावर आलं होतं म्हणून. चार दुकानं ओलांडली तरी मागं वळून बघितलं नाही. मग चालता चालताच मला विचारलं, "पाटोदेवाली, तुझ्या घरी एक भाकरी जास्तीची हाय का गं?"

मी म्हणाले, "हाय अक्का. चला."